रटलंड

इंग्लंडच्या पूर्व मिडलंड्स विभागातील एक लहान, शेतीप्रधान परगणा. क्षेत्रफळ सु. ३८२ चौ. किमी.; लोकसंख्या ४१,०४९ (२०२१). ओकम हे मुख्य ठिकाण, अपिंगम हे दुसरे शहर. इंग्लंडच्या ऐतिहासिक परगण्यांत हा सर्वांत लहान असून ‘थोडक्यात पुष्कळ’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याचे बोधवाक्य आहे. १९७४ मध्ये तो लीस्टरशरमध्ये विलीन झाला. १ एप्रिल १९९७ रोजी त्याला स्वतंत्र कारभार परत मिळाला. दोन-तीन दिवसांत निवांत पाहून होतो, म्हणून अल्प मुक्कामासाठी येथे येणारे बरेच.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. येथील लोहयुक्त माती तांबूस दिसते, त्यावरून ‘तांबडी भूमी’ असा अर्थ पूर्वी लावत. मात्र १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडमधील जमीन-मालमत्तेची राजाज्ञेने केलेली पाहणी) ‘रोटेलांड’ असे रूप येते, आणि रोटा नावाच्या कुणा व्यक्तीची भूमी हा अर्थ त्याच्याशी अधिक जुळतो. त्या नोंदवहीत रटलंड हा पूर्ण परगणा नाही: वायव्येचा भाग नॉटिंगमशरला जोडलेला, तर पूर्वेचा नॉर्थॅम्प्टनशरमध्ये मोडतो. स्वतंत्र परगणा म्हणून त्याचे रूप बहुधा बाराव्या शतकात ठरत गेले असावे.

ओकमच्या किल्ल्याचे आज मुख्यतः सभागृहच उरले आहे. ते वॉकेलिन द फेरर्स या उमरावाने सु. ११८०–९० च्या दरम्यान बांधविले. आतील कोरीव कामात वादकांच्या आकृती आहेत. हे कारागीर कँटरबरी कॅथीड्रलवर काम केलेले असावेत, असे शैलीसाम्यावरून मानतात. पण नजर जाते ती भिंतींवरच्या नालांकडे. उमराव किंवा राजघराण्यातील व्यक्ती ओकमला प्रथमच आली, की तिने घोड्याची नाल द्यायची, असा येथील रिवाज आहे. दोनशेहून अधिक नाला भिंतीवर असून बहुतेक शोभेच्या, काही माणसाच्या हातात न मावणाऱ्या, मुकुट आणि नावे कोरलेल्या आहेत. उपलब्ध नालांतील सर्वांत जुनी राजा चौथ्या एडवर्डची, सु. १४७० ची समजतात. रिवाजाचा उगम फेरर्स या नावाशी जोडला जातो: ते नाव लोखंडाच्या कामावरून पडले, म्हणून नाल हे कुळाचे चिन्ह झाले आणि पुढे ती कराच्या रूपाने घेतली जाऊ लागली. मात्र नाव प्रथम नॉर्मंडीतील फेरियेर या गावाचे, आणि ते गाव लोखंडासाठी प्रसिद्ध. तेव्हा लोहाराचा धंदा थेट या घराण्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. येथे नालेची टोके खाली ठेवतात. अन्यत्र तसे ठेवल्यास नशीब सांडते म्हणतात. रटलंडमध्ये मात्र टोके वर असल्यास सैतान खोबणीत घर करतो, अशी समजूत आहे.

किल्ल्याजवळच बाजारातील आठकोनी बटरक्रॉस, म्हणजे लोणी वगैरे विकण्यासाठीचा छपरी मंडप, आहे. त्याच्या छपराखालील लाकडी खोड्याला पाच भोके आहेत. पाय अडकविण्यासाठी भोके विषम संख्येत का ठेवली, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो आणि पडावाही.

रटलंड वॉटर हा ग्वॉश नदीच्या खोऱ्यात एम्पिंगमजवळ धरण बांधून १९७० च्या दशकात तयार केलेला जलाशय. त्यात नेदर हॅम्बल्टन हे गाव बुडाले, अप्पर हॅम्बल्टन द्वीपकल्पावर वाचले. नॉर्मंटनच्या चर्चचा खालचा भाग दगड व काँक्रीटने भरून वरचा भाग राखला गेला. आज ते पाण्यात उभे असल्यासारखे दिसते व तेथवर बांधलेल्या वाटेने जाता येते. १९९६ पासून स्कॉटलंडमधून ऑस्प्रे या मासेमार शिकारी पक्ष्याची पिले आणून येथे सोडली. २००१ मध्ये त्यांची वीण झाली. हे पक्षी मार्चमध्ये पश्चिम आफ्रिकेहून येतात, उन्हाळा सरताना परततात; लिंडनच्या पक्षिनिरीक्षणस्थळांवरून मँटन खाडीतील घरटे दुर्बिणीतून दिसते. जलाशयाच्या काठाने सायकलमार्ग आहे. येथेच २०२१ मध्ये सु. १० मी. लांबीच्या इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा जीवाश्म सापडला.

ओकमचे रेल्वे स्थानक बर्मिंगम–पीटरबरो मार्गावर आहे. लंडनहून येणारे सहसा पीटरबरो किंवा लीस्टरला गाडी बदलतात. परगण्याच्या दक्षिण सीमेवर वेलंड नदीवरून ८२ कमानींचा रेल्वेपूल जातो.