हवा तो साउंड पटकन कसा शोधायचा आणि ऐकून कसा ठरवायचा

नमस्कार, आमच्याकडून साउंड लायब्ररी घेतलेल्या किंवा सेटअप करून घेतलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. आम्हाला सारखा एकच प्रश्न येतो, की इन्स्टॉल तर सगळं झालं, आता एवढ्या हजारो प्रीसेटमधून, म्हणजे तयार साउंडमधून, आपल्याला पाहिजे तो आवाज काढायचा कसा, कारण अर्धा वेळ क्लिक करण्यातच जातो आणि तोवर सुचलेली चाल डोक्यातून निघून जाते.

तर आधी चाल रेकॉर्ड करून टाका. ब्राउझर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली साउंडची यादी, उघडूच नका, साध्या पियानोच्या साउंडवर वाजवा, चुकतमाकत असली तरी चालेल, मिडी आहे, म्हणजे आवाज नाही तर कुठली की कधी दाबली एवढंच नोंदलं जातं, त्यामुळं सूर नंतर हलवता येतात आणि साउंड कधीही बदलता येतो. मग चार बार, म्हणजे तालाचे चार खंड, पुन्हापुन्हा वाजत राहतील असे लूपवर लावा, रिदम आणि बेस चालू ठेवा, आणि त्या लूपवरच एकेक प्रीसेट बदलत जा. एबलटन लाइव्हमध्ये इन्स्ट्रुमेंट सिलेक्ट करून क्यू दाबलं की हॉट-स्वॅप, म्हणजे जागच्या जागी साउंड बदलणं, चालू होतं, लॉजिकमध्ये वाय दाबलं की लायब्ररी उघडते आणि क्लिक केलेला पॅच (प्रीसेटच) थेट त्याच ट्रॅकवर येतो. क्यूबेसवाल्यांनी एफ५ दाबून मीडियाबे हा त्यातला ब्राउझर उघडा, तिथं प्रीव्ह्यूसाठी, म्हणजे लोड करण्याआधी ऐकून बघायला, आपलीच मिडी फाइल देता येते, म्हणजे प्रत्येक प्रीसेट तुमच्याच चालीवर ऐकू येतो. ही सोय फार कमी लोक वापरतात, जरूर वापरा.

आता प्रीव्ह्यूबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. काही ब्राउझरमध्ये प्रीसेटवर क्लिक केलं की जे वाजतं ते आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं छोटं ऑडिओ असतं, कोम्प्लीट कंट्रोल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असंच आहे, लाइव्हच्या पॅकमधल्या बऱ्याच प्रीसेटलाही असंच आहे. ते पटकन वाजतं कारण सॅम्पल, म्हणजे वाद्याचे रेकॉर्ड केलेले मूळ आवाज, मेमरीत लोडच झालेले नसतात, म्हणून पन्नासातून पाच वेगळे काढायला ते उत्तम आहे. पण त्यातले सूर प्रीसेट बनवणाऱ्याने निवडलेले असतात, त्या साउंडला जे सगळ्यात शोभतं तेच वाजवलेलं असतं, वर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीसारखी घुमारी, भरपूर. तुमची चाल मंद्र सप्तकात असेल आणि प्रीव्ह्यू तार सप्तकात वाजला असेल तर तो साउंड गाण्यात कसा बसेल हे त्यावरून कळणारच नाही. त्यामुळं शेवटचे चार-पाच उरले की ते खरोखर लोड करा, रिव्हर्ब आणि डीले (प्रतिध्वनी) बंद करा, आणि आपलीच चाल वाजवून ठरवा.

आवाजाची पातळी बघणं तर फारच गरजेचं. दोन साउंडपैकी जो जरासा मोठा वाजतो तो कानाला जास्त चांगला वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, आणि पातळी वाढली की बेस आणि वरचे सूर जास्त भरल्यासारखे लागतात. म्हणून तुलना करताना फेडर, म्हणजे ट्रॅकची आवाजाची सरकपट्टी, वरखाली करून दोन्ही सारख्या पातळीवर आणा, मगच निवडा. प्रीव्ह्यूचा व्हॉल्यूम वेगळा असतो, लाइव्हमध्ये मेन ट्रॅकवर त्याचा स्वतंत्र नॉब आहे, तो आधीच कमी करून ठेवा म्हणजे हेडफोनमध्ये दचकायला होणार नाही.

स्ट्रिंग्ज किंवा ब्रासचा प्रीसेट लोड केला आणि अगदी दबका वाजतोय किंवा वाजतच नाहीये, असं झालं तर लायब्ररी खराब आहे असं समजू नका. अशा बऱ्याच लायब्ररींमध्ये आवाजाचा जोर कीबोर्डच्या डावीकडच्या मॉड व्हीलवर, मिडीच्या भाषेत सीसी १ वर, असतो, व्हील खाली असेल तर वाद्य कुजबुजतंच. व्हील हळूहळू वर न्या आणि ऐका. कीबोर्डच्या खालच्या टोकाच्या काही की दाबल्यावर आवाज न येता वाजवण्याची पद्धत बदलते, त्या कीस्विच आहेत.

शोधताना वाद्याच्या नावाऐवजी वाजवण्याची पद्धत टाइप करून बघा, पिझिकाटो (तार बोटाने छेडून), स्टकाटो (तुटक), लेगाटो (सलग), यादी लगेच आटोपशीर होते. बऱ्याच सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणाऱ्या वाद्यांमध्ये, प्रीसेटच्या नावाच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात, पीडी म्हणजे पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज), एलडी म्हणजे लीड (मुख्य चालीचा), पीएल म्हणजे प्लक (छेडल्यासारखा), तीसुद्धा सर्चमध्ये चालतात. जुन्या मिडी फाइल उघडणाऱ्यांनी जनरल मिडीची, म्हणजे कुठल्या नंबरला कुठलं वाद्य हे ठरवून दिलेली, यादी जवळ ठेवावी, 1991 सालची ही यादी 128 आवाजांची आहे, त्यात 105 वर सतार आणि 112 वर सनई आहे, तबला मात्र नाही, तो वेगळ्या लायब्ररीतूनच घ्यावा लागतो. आणि एखादा साउंड आवडला पण या गाण्याला नको असेल तर लगेच स्टार किंवा रंग देऊन ठेवा, नंतर तो परत सापडत नाही.

वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज बाहेर देण्याआधी कॉम्प्युटर किती साठवतो ते, बघा, 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पल म्हणजे जवळपास 21 मिलिसेकंद, 128 केलं की तीनच्या आत येतं. लायब्ररी एसएसडीवर असेल तर प्रीसेट लवकर लोड होतात.

प्लगइन, म्हणजे म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये चालणारं वाद्य, यादीत दिसतच नसेल तर विंडोजवर प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये व्हीएसटी३ (प्लगइनचा एक प्रकार) फोल्डर बघा, फाइल तिथं असेल तर सॉफ्टवेअरमधून रीस्कॅन करा, म्हणजे प्लगइन परत शोधायला लावा. मॅकवर लॉजिक फक्त ऑडिओ युनिट हा प्लगइनचा प्रकार घेतं, त्यामुळं नुसतं व्हीएसटी३ टाकून तिथं काही दिसणार नाही, इन्स्टॉलर परत चालवून ऑडिओ युनिटवर टिक करा. तरी अडलं तर सॉफ्टवेअरचं नाव, व्हर्जन, प्लगइनचं नाव आणि स्क्रीनशॉट एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा, म्हणजे आम्हाला उलट विचारत बसावं लागत नाही.