हिच घेताना टनांचा आकडा विसरा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर छोट्या एसयूव्हीसाठी हिच, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायचा दांडा, मागा, पहिलं उत्तर टनांत येतं. "घ्या साहेब, दोन टन आरामात खेचेल." खेचेलही. जाड लोखंडी दांडा आणि टोकाला गोळा, त्याला काय होतंय? पण ज्या गाडीला तो लावायचा, तिचंच वजन सव्वा टनाच्या आतबाहेर असतं.

मुळात ओढणं हा सोपा भाग. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना ५०० किलोच्या ट्रेलरला आठ-दहा किलोंचा ओढा पुरतो. घाटात तो बराच वाढतो, तरी हिच तुटत नाही. खरी गोम आहे ती ट्रेलर गोळ्यावर खाली किती दाबतो, यात.

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. ट्रेलर किंचित धुरजडच लागतो. अमेरिकेत त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर ठेवतात, युरोपात त्याहून कमी. आता हिशेब करू. गोळ्यावर ७५ किलो, गोळा मागच्या आसापासून ०.८ मीटर मागे, पुढच्या-मागच्या आसांत २.५ मीटर अंतर. तरफेच्या नियमानं पुढच्या चाकांवरचे २४ किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ७५ नव्हे, ९९ किलो चढतात. बहुतेक छोट्या एसयूव्हींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते; वळवणंही त्यांचंच आणि ब्रेकचं बरंचसं कामही. नेमकी तीच हलकी होतात.

मग हा भार शून्यच का करू नये? कारण ट्रेलर डोलतो, आणि हे डोलणं मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. कागदावर, अर्थात.

समजा एक्स्प्रेस-वेवर शेजारून कंटेनर गेला आणि हवेच्या झोतानं ट्रेलरचं बूड डावीकडे सरकलं. टायरचं तोंड एका दिशेला, जाणं दुसऱ्या. मध्ये बारीकसा कोन पडतो. रबर पिळवटतं आणि बुडाला उजवीकडे ढकलतं. बूड मध्यावर येतं, पण वेगात येतं म्हणून पलीकडे जातं. झोका सुरू. तो विरवणारं बलही टायरचंच. बूड ज्या वेगानं आडवं सरकतंय त्याला गाडीच्या वेगानं भागलं की आणखी एक छोटा कोन मिळतो, आणि तो त्या सरकण्याला विरोध करतो. इथे गाडीचा वेग छेदात आहे. ताशी ४० किलोमीटरला मिळणारा विरोध ८० ला निम्मा होतो. मध्यावर आणणारं बल मात्र तेवढंच राहतं.

गाडी स्वतः आडवी जराही हललीच नसती, तर झोका उशिरा का होईना विरला असता. पण गाडीही रबरावरच उभी आहे आणि गोळा मागच्या आसाच्या मागे आहे. ट्रेलर गाडीची शेपटी ढकलतो, गाडी जरा उशिरा वळते आणि तो उशीर पुढच्या झोक्याला बळ देतो. एका ठरावीक वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो. त्याला लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्यातूनच येते, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबून ट्रेलर 'सरळ करायला' जाऊ नये. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झोक्याशी कुस्ती खेळायची नाही.

हा धोक्याचा वेग वर ढकलायचा तर गुरुत्वमध्य ट्रेलरच्या आसाच्या थोडा पुढे हवा, जड सामान दोन्ही टोकांना न ठेवता आसाजवळ हवं, आणि गाडीचा गोळा बंपरला शक्य तितका लगटून हवा. लांब मानेची रुबाबदार हिच म्हणून नको.

गोळ्याला लिंबू-मिरची बांधणारेही दिसतात. तिचं वजन नगण्य असल्यानं हिशेब बदलत नाही. त्याहून घातक समज म्हणजे हिच असली की मागून ठोकर बसली तरी बंपर वाचतो. बंपर वाचेल, पण आघात शोषून घेणारा भाग टाळून धक्का थेट गाडीच्या सांगाड्यात जाईल.

हिच घेताना तिच्या पाटीवर दोन आकडे शोधा. 'एस' म्हणजे गोळ्यावर चालणारा उभा भार, किलोत. 'डी' म्हणजे ओढीचं बल, किलोन्यूटनमध्ये: गाडी आणि ट्रेलरच्या टनांतल्या वजनांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१. दीड टनाची भरलेली गाडी आणि अर्ध्या टनाचा ट्रेलर असेल तर ३.६८ येतं. पाटीच नसेल तर हिच दुकानातच राहू द्या. गोळा आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे घ्या. ५० मिलिमीटर आणि दोन इंच यांत ०.८ मिलिमीटरचा फरक आहे आणि तेवढ्यानं कपलर ढिला बसतो किंवा नीट लॉक होत नाही.

त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही छोट्या गाड्यांत ट्रेलर ओढूच नये असं लिहिलेलं असतं. मग विषय संपला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल चालत नाहीत, आणि कायद्याच्या लेखी ट्रेलरही मोटार वाहनच आहे. आरटीओत आधी विचारलेलं बरं.

एवढं जमलं तर घरचा वजनकाटा बाहेर काढा. ट्रेलर भरून सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा आणि कपलर गोळ्याच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर टेकवा. ठोकळ्याचं वजन वजा करा. ५०० किलोच्या ट्रेलरला काटा २० दाखवत असेल तर सामान पुढे सरकवा. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या वर गेला तर मागे.