साखरेपासून प्रथिनापर्यंत: प्रयोगशाळेतल्या डायलिसिसची पार्श्वभूमी

डायलिसिस म्हटलं की कोल्हापुरात आधी दवाखाना आठवतो. पण हा शब्द रसायनशाळेतून आला, आणि त्या वेळी भांड्यात होती उसाची साखर. तिथे डायलिसिस म्हणजे पातळ पडद्यातून लहान रेणू पलीकडे जाऊ देणं आणि मोठे अलीकडेच ठेवणं.

१८६१ साली स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी पत्रं लिहायचा पातळ, खळ दिलेला कागद ओला करून पाण्यावर पसरला, मधोमध खोलगट केला आणि त्यात साखर नि डिंक प्रत्येकी ५ टक्के असलेलं द्रावण ओतलं. २४ तासांत तीन चतुर्थांश साखर खालच्या पाण्यात उतरली, तीही इतकी निर्मळ की पाणी आटवल्यावर तिचे खडे धरले. डिंक कागदावरच राहिला. आपल्या गुऱ्हाळात मळी वर आणायला भेंडीचा चिकट रस घालतात आणि काहील तापवतात. इथे वेगळं करण्याचं काम नुसत्या ओल्या कागदाने केलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

पुढे कागदाची जागा सेलोफेनने घेतली. शिकागोच्या व्हिस्किंग कंपनीची सॉसेज भरायची नळी प्रयोगशाळांत आली. १९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडासाठी सॉसेजचीच सेलोफेन नळी वापरली. म्हणजे दवाखान्यातलं यंत्र आणि प्रयोगशाळेत त्याच नळीच्या तुकड्याची केलेली आमची पिशवी, दोघींचं मूळ खाटकाच्या दुकानात.

अमोनियम सल्फेट या क्षाराने साका पाडलेलं प्रथिन, त्यातला क्षार काढण्यासाठी, या पिशवीत भरायचं, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या आणि थंड बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, रात्रभर ढवळत ठेवायचं. १ मिलिलिटर नमुना १ लिटर बफरमध्ये ठेवला की क्षार सुमारे हजारपट विरळ होतो; बफर बदलून पुन्हा तेवढाच वेळ दिला की दहा लाखपट. आत क्षार जास्त, म्हणून पाणी आत घुसतं आणि पिशवी टरारून फुगते. वर जागा सोडायची हे शिकायला मला एक फुटलेली पिशवी आणि आठवडाभराचं प्रथिन मोजावं लागलं.

खरी अडचण १०० मायक्रोलिटरची, म्हणजे मिलिलिटरच्या दहाव्या भागाची. एवढा नमुना गाठीच्या चुण्यांतच अडकतो. मग पडद्याचे तुकडे चौकटीत बसवलेल्या चपट्या कॅसेट आल्या, बफरवर तरंगणाऱ्या इवल्या वाट्या आल्या. जाडी कमी म्हणजे वेळ कमी: अंतर निम्मं झालं की लागणारा वेळ चौथाईवर येतो. मला या सगळ्या साधनांचं मर्म एवढ्यातच दिसतं.

ही साधनं एकदाच वापरायची आणि महाग, म्हणून हाताशी असलेल्या वस्तूंतून जुळणी करावी लागते. एपेंडॉर्फ नळीच्या, म्हणजे बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीच्या, झाकणाला तापल्या सुईने भोक पाडायचं, नळी आणि झाकण यांच्यामध्ये भिजवलेल्या पडद्याचा तुकडा दाबून बसवायचा आणि नळी उलटी करून बफरमध्ये धरायची. थेंब नळीच्या बुडाशीच चिकटून बसतो, तेव्हा मनगटाने एक झटका द्यायचा. पडद्याखाली, भोकात, हवेचा बुडबुडा राहिला तर सकाळी क्षार जिथल्या तिथे असतो.