बोटीचं भाडं आणि बेटावरची चूल

स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर उरलेली 36 माणसं 29 ऑगस्ट 1930 रोजी बोटीत बसली आणि बेट कायमचं ओस पडलं. मिंग्युले त्याआधीच, 1912 मध्ये, रिकामं झालं होतं. या दोन्ही कहाण्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. जी बेटं तगली ती कशाच्या आधारावर, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. एग बेटावरच्या लोकांनी 1997 मध्ये बेटच विकत घेतलं आणि 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीज केली. तिथे साध्या घराला एका वेळी 5 किलोवॅटच्या वर वीज ओढता येत नाही, आणि हा नियम लोकांनी स्वतःच घालून घेतला आहे. पण विजेचे खांब असोत की घराचे पत्रे, येतात बोटीनेच. म्हणून माझ्या मते खरा इतिहास बोटीच्या भाड्याचा आहे.

'रस्त्याइतकं भाडं' ही कल्पना 1970 च्या दशकात मांडली गेली. म्हणणं सरळ होतं: मुख्य भूमीवर तेवढंच अंतर गाडीने कापायला जो खर्च येतो, तेवढाच समुद्र ओलांडायला यावा. ती अमलात यायला तीसहून जास्त वर्षं गेली. ऑक्टोबर 2008 मध्ये पश्चिमेकडची बेटं (आउटर हेब्रिडीज) आणि शिवाय कोल व टायरी ही दोन बेटं इथे प्रयोग सुरू झाला.

या नावानेच बराच घोळ घातला आहे. भाडं निव्वळ मैलांवर ठरत नाही. आधी एक ठरावीक रक्कम, मग दर मैलाचा आकार. रस्त्यावर गाडी सुरू करायला कुणी ठरावीक रक्कम घेत नाही, बोटीवर घेतात. त्यामुळे अंतर जितकं कमी, तितकी ती रक्कम जास्त बोचते. उलट उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचं. मुख्य भूमीवरच्या ॲबर्डीनहून तिथल्या लेर्विकला बोटीत अख्खी रात्र जाते. एवढे मैल त्या हिशोबात मांडले तर भाडं उतरायच्या ऐवजी चढायचीच भीती. म्हणून उत्तरेकडच्या बेटांसाठी सवलत जाहीर झाली, तेव्हा शेटलंडसाठी वेगळं सूत्र काढावं लागलं.

सगळ्यात वादाचा निर्णय 2012 चा. मोठी मालवाहू वाहनं 'रस्त्याइतकं भाडं' या सवलतीतून काढून टाकली गेली. फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, वाहतूकदारच ठेवून घेतात, असं कारण दिलं गेलं. वाहतूकदारांना ते अजिबात मान्य नव्हतं. माझंही मत लपवत नाही: हा निर्णय चुकला. बेटावरचा शेतकरी शरद ऋतूत वासरं विकायला मुख्य भूमीवर पाठवतो ती ट्रकमधून, आणि हिवाळ्याचं खाद्य आणतो तेही ट्रकमधूनच. सिमेंटच्या गोणीचं भाडं शेवटी घर बांधणाऱ्याच्या माथी येतं, आणि तरुण जोडप्याला घर परवडलं नाही तर शाळेच्या पटावर नवं नाव चढत नाही. ट्रक महाग आणि पर्यटकाची गाडी स्वस्त, हा क्रम उलटा हवा होता.

2015 पर्यंत गाड्या आणि प्रवाशांसाठीची ही सवलत पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळपास सगळ्या मार्गांवर पोचली. पर्यटक वाढले, खानावळी आणि मुक्कामाची घरं भरू लागली, आणि हे उत्पन्न बेटांना हवंच होतं. बोटी मात्र त्याच जुन्या. त्याच वर्षी मागवलेल्या दोन नव्या बोटींपैकी पहिली प्रवासी घेऊन निघाली ती थेट जानेवारी 2025 मध्ये.

याची झळ बसते ती उन्हाळ्यात. मुख्य भूमीवरच्या ओबन बंदरातून टायरीला जायला जवळपास चार तास लागतात. टायरीवरच्या एखाद्या आजीबाईंना इस्पितळाची तारीख पंधरा दिवस आधी कळते आणि तोवर डेकवरच्या जागा महिनोन्‌महिने आधी आरक्षण केलेल्या कॅम्परव्हॅननी भरलेल्या असतात. बेटवासीयांनी लावून धरल्यावर अलीकडे काही मार्गांवर डेकवरच्या थोड्या जागा त्यांच्यासाठी अखेरपर्यंत राखून ठेवायला सुरुवात झाली आहे.