रक्तदाब, डोळे आणि आनुवंशिकता (खान्देश)

माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्याचा साधारण ३० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. मात्र तो कुण्या एका जनुकाचा खेळ नव्हे. शेकडो जनुकस्थाने आपापली भर घालतात आणि एकेकाची भर बहुधा पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी असते. ‘आमना घरमाच बीपी शे’ म्हणणाऱ्या कुटुंबात रक्ताबरोबर चूलही सामाईक असते. पापड, बिबड्या, लोणच्यातले मीठ सगळ्यांच्याच पोटात जाते. लिडल विकारासारखा एकाच जनुकामुळे कोवळ्या वयात चढणारा रक्तदाब विरळाच.

डोळ्यातला दाब ही निराळी गोष्ट आहे. तो साधारणतः १० ते २१ मिलिमीटर असतो आणि दंडाला पट्टा बांधून कळत नाही. आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो.

खान्देशात या विषयाला खरे वजन येते ते सातपुड्यात. तिथल्या भिल्ल व पावरा समाजात सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचे, जनुक बरेच आढळते. ते दोन्ही पालकांकडून आले तर मूल रुग्ण, एकाकडून आले तर वाहक. रुग्णाचा रक्तदाब मुळातच इतरांपेक्षा कमी असतो, म्हणून १३० चा वरचा आकडा त्याच्या बाबतीत निर्धास्त सोडू नये. त्याच्या दृष्टिपटलाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) कडेच्या रक्तवाहिन्या बंद पडू शकतात, तिथे नाजूक नव्या वाहिन्या फुटतात व पुढे रक्तस्राव होऊ शकतो. मधली नजर बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे तक्रार उशिराच येते. बाहुली मोठी करून पडदा तपासणे हाच ते वेळीच ओळखण्याचा उपाय.

वाहकाला एरवी त्रास नसतो. पण विटी किंवा ज्वारीचे धाट लागून डोळ्यात पुढच्या भागात रक्त साचले, की विळ्यासारख्या वाकड्या पेशी निचऱ्याची वाट अडवतात. दाब चढतो आणि इतरांना सोसेल एवढ्या दाबानेही दृष्टिचेता (डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस) दुखावते. त्यात हा दाब उतरवायला नेहमी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड पेशी आणखी वाकवू शकते. म्हणून डोळ्यात रक्त साचलेले मूल या पट्ट्यातून आले, तर औषध ठरवण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे विचारलेच पाहिजे. झाली नसेल, तर बोटाच्या थेंबभर रक्तावर विद्राव्यता चाचणी (सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगणारी) तिथल्या तिथे करता येते. रुग्ण की वाहक, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीने ठरते.