जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर घरी बांधताय? सांगलीत लागणारे फॉर्म, परवानग्या आणि कागदपत्रं

लॅम्ब्रेटा खोलायच्या आधी तिचं आरसी बुक उघडा. सांगली-मिरजेतल्या जुन्या वाड्यांच्या बोळात, तासगावच्या बागायतदारांच्या शेडमध्ये, माधवनगरच्या गोदामांत इटालियन घराण्याच्या दुचाक्या अजून सापडतात. गाडी हाती लागली की पहिला मोह पान्याकडे जातो, आणि तिथेच पुढच्या वर्षाचा घोळ सुरू होतो. पिस्टन आज ना उद्या मिळतो, क्रँकही मिळतो. मूळ मालकाची सही मिळेलच असं नाही. इंजिन फिरतं, रंग चमकतो, पण गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येत नाही म्हणून पुन्हा ताडपत्रीखाली जाते. मन लावून बांधलेली गाडी अशी पडून राहू नये, म्हणून ही माहिती.

कागदावर ती इटालियन आहे का?

मिलानच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा १९५० च्या दशकापासून मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, जोडू आणि पुढे बनवू लागली. १९७२ मध्ये लखनौत स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिने इनोसेंटीची यंत्रसामग्रीच विकत घेतली आणि त्यातून विजय सुपर आली. पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवणाऱ्या बजाजचा करार १९७१ ला संपला. यातल्या कुठल्याही गाडीच्या आरसीवर उत्पादक म्हणून भारतीय कंपनीचं नाव असेल, तर आरटीओच्या लेखी ती देशी दुचाकी. कायद्यात स्कूटरही 'मोटारसायकल' याच वर्गात येते, त्यामुळे फॉर्म तेच आणि शुल्कही तेच.

थेट इटलीहून आलेली डुकाटी, मोटो गुझी किंवा इनोसेंटीच्या शिक्क्याची लॅम्ब्रेटा असेल तर हिशेब बदलतो. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या देशी मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाला २,००० रुपये लागतात, तर आयात केलेल्या दुचाकीला २०,००० रुपये, वर जीएसटी. म्हणून आरसीवरचा उत्पादकाचा रकाना गाडी घेतानाच वाचा.

भारतात कधीच नोंद न झालेली, सुट्या भागांतून आणलेली परदेशी गाडी मात्र साध्या नोंदणीत बसत नाही. आजच्या उत्सर्जन मानकांचं प्रमाणपत्र तिला मिळणार नाही. तिला एकच दार उघडं आहे, व्हिंटेज, म्हणजे ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचं, आणि तिथेही सीमाशुल्क विभागाचं बिल ऑफ एन्ट्री लागतं. ते नसेल तर गाडी दिवाणखान्यात ठेवण्यापुरती घ्या.

आधी मालकी सरळ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

विकणारा हा आरसीवरचा मालक असेल तर फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. मालक वारले असतील तर वारसाने मृत्यूपासून तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यायचा. त्याला मृत्यू दाखला आणि इतर वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. आपल्याकडे आजोबांची स्कूटर नातू बांधायला घेतो आणि आरसी आजोबांच्याच नावावर असते. मुदत उलटली म्हणून अर्ज बाद होत नाही, दंड भरावा लागतो. पण काका-आत्यांच्या सह्या आधी घ्या. गाडी सुरेख बनल्यावर सह्या मागितल्या की घरात वेगळीच चर्चा सुरू होते.

'आरसीवाला माणूस कुठे आहे माहीत नाही, पण एजंट करून देईल' अशी गाडी घेऊ नका. फॉर्म भरायला एजंटची मदत घेण्यात गैर काही नाही. बेपत्ता माणसाची सही मात्र कुणीच सरळ मार्गाने आणू शकत नाही.

सांगलीत आणखी एक अडचण पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत नदीकाठच्या घरांतली किती कागदपत्रं गेली याचा हिशेब नाही. आरसी बुक वाहून गेलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत आणि फॉर्म २६ देऊन दुय्यम प्रत मिळते. बुक भिजून पानं चिकटली असतील तर टाकून देऊ नका. फाटकं-भिजकं मूळ पुस्तक जोडलं तर हरवल्याच्या तक्रारीची भानगड राहत नाही.

हस्तलिखित आरसीच्या गाड्या बहुतेक वेळा 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत दिसतच नाहीत. तीन अक्षरी जुन्या मालिकेतला, म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये लागू होण्याआधीचा नंबर पोर्टलवर टाकला की 'माहिती उपलब्ध नाही' येतं. घाबरू नका. ज्या आरटीओत मूळ नोंद आहे तिथल्या जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. त्यासाठी लेखी अर्ज, मूळ आरसी आणि चेसिसचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा, लागतो. ही एन्ट्री होईपर्यंत पुढचा कुठलाच अर्ज ऑनलाइन भरता येत नाही. म्हणून हे काम इंजिन बोरिंगला टाकायच्या आधी सुरू करा.

आरसीवर 'बँकेकडे तारण' अशी जुनी नोंद असते, तीही तपासा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. बँकच राहिली नाही म्हणून लोक हताश होतात. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. त्या बँकांचे दाखले आता या बँकांकडूनच घ्यायचे. फॉर्म ३५ वर बँकेची सही आणि शिक्का, सोबत कर्ज फिटल्याचं पत्र मिळालं की बोजा उतरतो.

गाडी एमएच-११ साताऱ्याची, एमएच-५० कराडची किंवा एमएच-०९ कोल्हापूरची असेल तर तिथल्या कार्यालयातून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला घेऊन एमएच-१० ला, म्हणजे सांगलीच्या आरटीओत यावं लागतं. बेळगाव किंवा विजयपूरकडची असेल तर त्याशिवाय फॉर्म २७ भरून नवा नंबर आणि इथला करही. सीमेपलीकडे गाडी स्वस्तात मिळते खरी, पण हा खर्च धरूनच भाव करा.

रस्त्यावर चालवायची की व्हिंटेज करायची?

हे ठरवल्याशिवाय कटरला हात लावू नका, कारण दोन्ही वाटांच्या अटी एकमेकींच्या विरुद्ध जातात.

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. अट अशी की ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा, शुल्क, जुनी आरसी आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहते, ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र मिळतं आणि ते दहा वर्षं चालतं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं; आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. एवढं करून गाडी रोज चालवता मात्र येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथवरची ये-जा, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे.

साठच्या दशकातली, मूळ रंगातली, इंजिन-चेसिसचे नंबर आरसीशी जुळणारी लॅम्ब्रेटा तुमच्याकडे असेल तर हीच वाट घ्या असं मी आग्रहाने सांगेन. अशा गाड्या कमी उरल्या आहेत. विश्रामबागहून मिरजेला रोज जायचं असेल, बारा व्होल्टचा दिवा, चांगले ब्रेक हवे असतील, तर साधं नूतनीकरण करा.

नूतनीकरण, म्हणजे आपलं रिपासिंग

नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. अर्ज फॉर्म २५ वर. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो. मुदत संपून गेलेल्या मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीला ही रक्कम गाडीच्या भावाएवढी होऊ शकते, म्हणून सौदा पक्का करण्याआधी एकूण थकबाकी आरटीओत विचारून घ्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही आहे.

जुन्या दोन-स्ट्रोकचं पीयूसी निघत नाही, हा गैरसमज आहे. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. नीट बांधलेलं इंजिन, कार्बोरेटरचा योग्य जेट, मापात तेल, गरम इंजिनावर चाचणी, एवढ्यावर गाडी पास होते. प्रमाणपत्र सहा महिन्यांचं. उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लावून घ्या. महाराष्ट्रात दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला आहे आणि ती नसेल तर आरटीओतली बाकीची कामं अडतात.

काय बदलता येतं

कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

व्यवहारात बघू. सहा व्होल्टवरून बारा व्होल्ट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगले ब्रेक शू, नवं वायरिंग, ट्यूबचे नवे टायर यांची आरसीवर नोंदच नसते. हे बिनघोर करा. रंगाची नोंद असते. रंग बदललात तर बदल-नोंदणीचा अर्ज करून आरसीवर नवा रंग चढवून घ्या. साधं काम आहे, पण लोक टाळतात आणि पासिंगच्या दिवशी अडकतात.

सिलिंडर किट हा खरा धोक्याचा विषय. १४८ सीसीच्या इंजिनावर १७५ किंवा १८६ सीसीचं किट बसवलं की आरसीवरची क्षमता खोटी ठरते. विम्याचा गटही बदलतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीला त्रयस्थ पक्ष विमा ७१४ रुपये, तर त्यावर ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये. फरक थोडाच, पण अपघातानंतर विमा कंपनीने इंजिन उघडून पाहिलं तर तो थोडा फरक फार महाग पडतो. मी तरी मूळ बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या मूळ मापावर स्लीव्ह टाकून, पोर्ट साफ करून समाधान मानावं असंच म्हणेन. कुपवाड एमआयडीसीत आणि मिरजेत बोरिंग-होनिंगचं काम उत्तम जाणणारे कारागीर आहेत. त्यांना मूळ माप द्या आणि पक्कं बिल घ्या.

फ्रेम कापून बसकी करणं, मागचा भाग छाटणं, पुढचा काटा लांबवणं यांचा विचारच सोडा. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला ध्वनिप्रदूषणाच्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स निलंबनही होऊ शकतं. इलेक्ट्रिक किट बसवायचं असेल तर मान्यताप्राप्तच लागतं आणि इंधनाचा बदल आरसीवर चढवावा लागतो.

इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची मंजुरी, मग काम. मंजुरीशिवाय बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. दुसऱ्या गाडीचं इंजिन घेताना त्या गाडीची आरसी किंवा खरेदीचं बिल घ्या. जुन्या बाजारातला बिनबिलाचा क्रँककेस (इंजिनाचा बाहेरचा सांगाडा) चोरीच्या गाडीचा निघाला, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

नंबर जपा

सँडब्लास्टिंगला फ्रेम देण्याआधी चेसिस नंबरचा स्वच्छ फोटो आणि पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवा. नंबरवर जाड टेप लावा, कारागिराला बोट ठेवून दाखवा. पावडर कोटिंगचा थर त्या जागी नको, कारण वरून प्रिंट उमटत नाही आणि निरीक्षक नंबर वाचल्याशिवाय पुढे जात नाही. गंजाने आकडे पुसट झाले असतील तर स्वतः पंच मारू नका. आरटीओची लेखी परवानगी घ्या.

तपासणीला गाडी चालवत नेऊ नका. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर पकडली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. छोटा हत्ती करा. सोबत मूळ आरसी, भरलेल्या शुल्काच्या पावत्या, विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, इंजिनकामाची बिलं आणि प्रिंट ठेवा. निरीक्षक हॉर्न, दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, आरसा आणि टायर बघतो. लॅम्ब्रेटाचा फ्रेमवरचा नंबर बाजूचं पॅनल काढल्यावरच दिसतो, म्हणून ते सहज निघेल असं बसवून न्या आणि खिशात एक पुसायचं फडकं ठेवा.