तेलाचे रासायनिक ठसे (मृदा)

मातीत मुरलेले खनिज तेल कोणत्या प्रकारचे व कोणाकडून आले, हे त्यातील हायड्रोकार्बनांच्या (कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांच्या) परस्पर प्रमाणावरून ओळखण्याची पद्धत. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना तिची गरज सहज पटते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, तुर्भ्यातील ट्रकांची वर्दळ, गॅरेजमधून गटारात ओतलेले काळे ऑइल, खाडीतील बोटी, सगळ्यांचे पाणी शेवटी तिवरांच्या चिखलातच येते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ही जहाजे धडकली, तेव्हा सांडलेले इंधन तेलही किनाऱ्यावरील कांदळवनांपर्यंत पोहोचले होते.

नमुना काचेच्या बरणीत घेतात. प्लास्टिक मऊ ठेवणारी थॅलेट द्रव्ये तेलात उतरतात आणि तपासणीच्या आलेखात नसती शिखरे दाखवतात. द्रावकाने तेल काढून घेऊन सिलिका जेलवर शुद्ध करतात. मग वायू वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांनी घटक वेगळे करून मोजतात. डिझेलमध्ये साधारण दहा ते पंचवीस कार्बनांच्या सरळ साखळ्या ठळक दिसतात. वंगणतेलात त्या जवळपास नसतात, आलेखावर नुसता रुंद उंचवटा येतो.

खरी अडचण काळाची. हलके घटक उडून जातात, जिवाणू सरळ साखळ्या आधी फस्त करतात. सतरा कार्बनांची साखळी व फांद्या असलेले प्रिस्टेन हे हायड्रोकार्बन जवळपास एकाच तापमानाला उकळतात. त्यामुळे बाष्पीभवनाने त्यांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. ते घसरले, तर जिवाणू कामाला लागले असे समजावे. म्हणून भिस्त ठेवायची ती होपेन आणि स्टेरेन या चिवट, अनेक वलयांच्या रेणूंवर. प्राचीन जीवांच्या पेशींतून आलेल्या या रेणूंचे मिश्रण प्रत्येक तेलक्षेत्रात थोडे निराळे असते. डिझेलमध्ये मात्र ते अत्यल्प, कारण ऊर्ध्वपातनात मागेच राहतात.

काजळीतून आलेली बहुवलयी संयुगे बहुतांशी साधी, तर तेलातली अल्किल शेपट्या (छोट्या कार्बन साखळ्या) लागलेली असतात. रस्त्याकडेच्या मातीत हा भेद कामी येतो.

तिवरांची पानेही हिशेब बिघडवतात. पानांवरच्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम कार्बनसंख्येच्या साखळ्या जास्त असतात. त्या तेलाच्या खात्यात धरू नयेत. संशयित टाकीतला नमुना नसेल तर ही तपासणी तेलाचा प्रकार सांगते, मालक नाही. शिवाय तुलनेसाठी जवळचीच न माखलेली माती लागते, आणि ती खाडीकाठी शोधणे हेच अनेकदा सर्वांत किचकट काम ठरते.